पेन्सिलीची खूण

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला देव्हाऱ्यासमोर उभं करून बजावलं आहे. निदान सौम्याआक्काचं लग्न होईपर्यंत तरी नाही. मी मान हलवली होती. तशी मी बोलतेच कमी, त्यामुळे आईला माझी फारशी काळजी नव्हती. पण अलीकडे मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटेना झाला आहे. म्हणून जे झालं ते, झालं तसं, एकदा लिहून ठेवते. उद्या कुणी विचारलं तर मला तरी ते माहीत असावं.

आमचं घर वडगावात. पुढं बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागं लांबलचक मागाची खोली. तिथं आप्पांचे पॉवरलूम चालतात. दिवसभर घरात त्यांचा खडखडाट असतो, त्यामुळे आमच्याकडं सगळे जरा मोठ्यानंच बोलतात. मी सोडून.

घरात आप्पा, आई, सौम्याआक्का आणि मी तेजस्वी. मी दहावीत आहे आणि सगळ्यात धाकटी. आम्हाला चुलतभावंडंही नाहीत, त्यामुळे आजवर मला कुणी आक्का म्हटलेलं नाही. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं. शेजारच्या छोट्या राणीला मी एकदा चॉकलेट देऊन म्हटलं होतं, “मला आक्का म्हण.” तिनं चॉकलेट खाल्लं आणि “थँक्यू तेजू,” म्हणाली.

सौम्याआक्काला दोन स्थळं येऊन गेली. पहिल्या वेळी मी सुपारीचं ताट घेऊन बैठकीत गेले होते. पाहुण्यांतली एक बाई मला बघून आईला म्हणाली, “ही धाकटी व्हय? ही उजळ हाय की.” नंतर त्यांचा निरोप आला नाही. दुसऱ्या वेळी मी दारात नुसती उभी होते, तरी तसंच झालं.  त्या रात्री सौम्याआक्का माझ्याकडं पाठ करून झोपली.

तेव्हापासून आईनं ठरवलं की पाहुणे आले की धाकटीला मागाच्या खोलीत बसवायचं. आमच्यात पुष्कळ घरी असं करतात. मला त्याचं काही वाटलं नाही. मला चारचौघांत बसण्यापेक्षा मागाशेजारी बसणं कधीही बरं वाटतं.

२

खासबागेत आमच्या समाजाचं वधू-वर केंद्र आहे. ते जयाबाई चालवतात. त्या आईच्या मैत्रीण, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना स्क्रीनवरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात. म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तिथं टाइप करायला जाते.

तिथला कॉम्प्युटर जुना आहे आणि त्यातला प्रोग्राम त्याहून जुना. करड्या रंगाचा एक फॉर्म उघडतो. एका वेळी एक स्थळ दिसतं. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला नाव, शिक्षण, उंची, रास, भाऊ किती, बहिणी किती, अपेक्षा. वर एक बटण आहे, ‘चालू फॉर्म छापा’. पहिल्या दिवशी मी ते सोडून भलतंच बटण दाबलं, तर समाजातली सगळी स्थळं एकामागून एक प्रिंटरमधून बाहेर यायला लागली. मावशींनी वायर ओढली आणि म्हणाल्या, “सगळ्यांची लग्नं आजच लावतीस व्हय गं?”

मग त्यांनी मला पेन्सिल दाखवली. फॉर्ममध्ये काही लिहायला घेतलं की डाव्या कडेच्या पट्टीवर एक बारीक पेन्सिल उमटते. याचा अर्थ, लिहिणं चालू आहे, अजून सेव्ह झालेलं नाही. सेव्ह केलं की पेन्सिल जाते. पेन्सिल असताना छापलं तर आपण नवीन लिहिलेलं कागदावर येतच नाही.

“दिसतंय ते न्हाय छापत हे,” मावशी म्हणाल्या. “आत हाय ते छापतंय. ध्यानात ठेव.”

सौम्याआक्काचा फॉर्म मीच भरला. दोनदा तपासला. भाऊ या चौकटीत शून्य, बहिणी या चौकटीत एक. सेव्ह केलं, पेन्सिल गेली, आणि मग दोन प्रती छापल्या. अंबुबाई म्हणून सांबऱ्याच्या एक बाई त्या दिवशी भाच्यासाठी स्थळं बघायला आल्या होत्या. मावशींनी एक प्रत थेट त्यांच्या पिशवीत घातली. दुसरी मी घरी घेऊन निघाले.

वाटेत बसमध्ये मी ती उघडून बघितली. सगळं बरोबर होतं. फक्त बहिणी या चौकटीत दोन होतं.

३

पुढच्या शनिवारी मी आधी तो फॉर्म उघडला. स्क्रीनवर एकच होतं. मी काहीही न बदलता छापलं. कागदावर दोन आलं.

मी मावशींना दोन्ही दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग स्क्रीनकडं डोळे बारीक करून बघितलं.

“तू पहिल्यांदा दोन टाकलं असशील. लोक असंच करत्यात. ‘आम्ही दोघी बहिणी’ म्हणून आपल्यालाच धरून मोजत्यात. मग एक केलंस, पण सेव्ह न्हाय झालं.”

“झालं होतं, मावशी. पेन्सिल गेली होती.”

“मग ही काय हाय?”

मी बघितलं. डाव्या पट्टीवर पेन्सिल होती. मी कीबोर्डला हात लावलेला नव्हता. माझे दोन्ही हात कागद धरण्यात गुंतले होते.

मावशींचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी घरी जाताना स्वतःला तेच समजावलं. मी घाईत दोन टाकलं असेल, मग दुरुस्त केलं असेल, आणि दुरुस्ती आत गेली नसेल. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. मी कधीच घाईत टाइप करत नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “एकाचं दोन झालं तर काय बिघडतंय? सांबऱ्याचे पाहुणे येत्यात रविवारी. ते बघ.”

४

मुलगा म्हणजे अंबुबाईंचा भाचा, नाव ओमकार. फोटोत तो जरा घाबरलेला दिसत होता, म्हणून सौम्याआक्काला आवडला होता. तिनं तो फोटो आपल्या पुस्तकात ठेवला होता आणि मला तो दिसला हे तिला माहीत नव्हतं. ह्या खेपेला नाही म्हणाले तर ती पुन्हा कुणासमोर बसणार नाही, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं.

पाहुणे यायच्या आधी आप्पांनी माग बंद केले. आईनं मला मागाच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. “चुकून पोरं दार ढकलत्यात,” ती म्हणाली. मी हसले. आमच्या घरात पोरं कुठली?

बंद मागांची खोली फार वेगळी वाटते. सगळे ताणे, म्हणजे मागावरचे उभे धागे, ओढून धरल्यासारखे ताठ असतात आणि काहीच हलत नाही. मी सुताच्या कांड्यांच्या पेटीवर बसले. इतकी शांतता होती की बैठकीतलं बोलणं मला तुटक तुटक ऐकू येत होतं. आप्पांचा आवाज. एका पुरुषाचा आवाज. आई स्वयंपाकघरात शिरा हलवत होती, तिच्या बांगड्या आणि झारा वाजत होता.

मग तांब्याभांड्याचा आवाज आला. ताटात पेले ठेवल्याचा. झारा चालूच होता. मला वाटलं, सौम्याआक्का पाणी घेऊन चालली असेल. पण तिला तर पोह्यांच्या वेळीच बाहेर आणायचं ठरलं होतं, आणि ती शेजारच्या घरी साडी नेसत होती.

पावलं मागाच्या खोलीकडं आली. दाराखाली बोटभर फट आहे. त्या फटीतून येणाऱ्या उजेडात दोन पावलांची सावली पडली. ती माझ्या दाराशी थांबली. पेले ताटात एकमेकांना हलके लागत होते, जसे उचलून धरणाऱ्याचा हात लहान असला की लागतात. पायांची बोटं माझ्याकडं होती.

मी “आई?” म्हणाले असते. पण आईच्या बांगड्या स्वयंपाकघरात वाजत होत्या.

सावली वळली आणि बैठकीकडं गेली. थोड्या वेळानं अंबुबाईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट. “ये गं बाय. नाव काय तुजं?” उत्तर मला ऐकू आलं नाही. मग सगळे हसले, माया वाटली की माणसं हसतात तसे.

५

पाहुणे गेल्यावर आईनं कडी काढली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“तुला बस म्हटलं होतं ना आत? पाणी घेऊन कशाला गेलीस गं? परत तेच व्हावं असं वाटतंय काय तुला? आणि बाहेर आलीस ती कशी...”

ती बोलता बोलता थांबली. तिचा हात अजून कडीवर होता. तिनं कडी एकदा घातली, एकदा काढली. मग स्वयंपाकघरात गेली.

आप्पा म्हणाले, पाणी तेजूनंच दिलं. मी विचारलं, तुम्ही बघितलंत का? ते म्हणाले, मुलाच्या काकांशी बोलत होतो, ताट पुढं आलं तसं पेला उचलला, पोरीचा हात होता, दुसरं कोण असणार? सौम्याआक्का म्हणाली, मी मागच्या गल्लीतून आले तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. राणीला विचारलं. ती ट्यूशनला होती.

संध्याकाळी अंबुबाईंचा फोन आला. आप्पांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मुलगी पसंत आहे, असं त्यांनी सांगितलं. सौम्याआक्का दारामागं तोंडावर पदर दाबून उभी होती. मी तिला असं कधीच बघितलं नव्हतं.

मग अंबुबाई म्हणाल्या, “तुमची धाकटी लई गुणाची हाय हो. कसं वाकून पाणी दिलं. पण मधली काय दिसली न्हाय. फॉर्मात दोन भैनी हायत म्हणून लिवलंय की.”

आप्पांनी आईकडं बघितलं. आईनं सौम्याआक्काकडं. मागं माग बंदच होते.

मला आप्पांचा विचार समजत होता. नाही म्हणावं तर फॉर्म खोटा ठरतो, आणि ज्या घराचा फॉर्म खोटा त्या घराचं पुढचं काय खरं? शिवाय ज्या मुलीनं पाणी दिलं ती कोण, हे सांगायचं कसं? आणि फोनवर, पसंती आल्या आल्या?

“व्हय व्हय,” आप्पा म्हणाले. “मधली लाजाळू हाय जरा. आतच बसती.”

“मग साखरपुड्याला दोघींना घेऊन या,” अंबुबाई म्हणाल्या. “दोघींना कापड घेतोय आम्ही.”

आप्पांनी फोन ठेवला. मग आईनं मला देव्हाऱ्यासमोर नेलं.

मला एवढंच कळेना, की आप्पांनी सांगितलं त्यात खोटं कुठलं होतं. आतच बसते ती मी. लाजाळू ती मी. फक्त मी मधली नाही.

६

साखरपुडा सांबऱ्यात झाला. ओमकार खरोखरच घाबरट आहे. अंगठी घालताना त्याच्या हातून ती सुटली आणि सौम्याआक्कानं ती पायानं अडवली. सगळे हसले, तीसुद्धा. ते बघून मला वाटलं, बाकीचं काही का असेना.

अंबुबाईंनी माझा हात धरला. “ही मधली. बरोबर?” मी मान हलवली. “धाकटी कुठाय?”

आईनं ठरवलेलं सांगितलं. तिला ताप आलाय, मावशीकडं ठेवलंय.

“कुठला ताप?” अंबुबाई म्हणाल्या. “आत्ता तर पंगतीत वाढत होती. माझ्या पानात दोनदा शिरा घातला, नको म्हटलं तरी.”

आई हसली. मी आईला इतकं वाईट हसताना कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी दोन कापडं दिली, एकाच ताग्यातली, हिरवी. आईनं माझं कापड शामू टेलरकडं टाकलं. दुसरं तिनं कपाटात तळाशी ठेवलं, मी बघितलं. आठवड्यानं मी ड्रेस आणायला गेले तर शामूकाकांनी पिशवीत दोन घातले.

“एकच दिलं होतं, काका.”

“दुसरं तुझी भैन घेऊन आली की. माप पण देऊन गेली. गप्प उभी राहिली, हलली न्हाय. तुझ्यासारखी न्हवं, तू सारखी टेप ओढतीस.” ते मशिनवर वाकले. “दोन बोटं कमी हाय तुझ्यापेक्षा. वाढंल अजून.”

घरी येऊन मी कपाटाचा तळ बघितला. तिथं कापड नव्हतं. मी आईला दोन्ही ड्रेस दाखवले. मला वाटलं ती घाबरेल, निदान शामूकाकांना फोन करेल. तिनं धाकटा ड्रेस उलगडला. बाह्यांची शिवण बोटानं तपासली, तशी ती माझ्या प्रत्येक नव्या कपड्याची तपासते. मग माझ्या खिळ्याशेजारच्या रिकाम्या खिळ्याला तो अडकवला.

“आई.”

“लगीन होऊ दे,” ती म्हणाली. “मग बघू.”

तो खिळा आधी तिथं होता का, हे मला आठवत नाही.

७

जमलेली स्थळं फॉर्ममधून बाजूला काढावी लागतात. मावशींनी मला सौम्याआक्काचा फॉर्म काढायला सांगितला. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन होतं, मावशी शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. घाबरावं असं तिथं काहीच नव्हतं.

मी तिच्या फॉर्मवर ‘जमले’ अशी खूण केली. पेन्सिल आली, सेव्ह केलं, पेन्सिल गेली. मग मी पुढच्या फॉर्मवर गेले. तिचा फॉर्म शेवटचा होता, त्यामुळे पुढं कोरा फॉर्म यायला हवा होता.

तो कोरा नव्हता. अर्धा भरलेला होता. फोटोची चौकट रिकामी होती. नावाच्या चौकटीत काही नव्हतं. वडिलांचं नाव आप्पांचं होतं. पत्ता आमचा होता. उंची माझ्यापेक्षा थोडी कमी. बहिणी दोन, आणि त्यापुढं, जिथं मी कधीच काही लिहीत नाही, तिथं लिहिलं होतं, दोघी मोठ्या.

डाव्या पट्टीवर पेन्सिल होती.

“मावशी, हा फॉर्म कुणी भरला?”

“कुठला? तुझ्याशिवाय हात कोण लावतंय हेला?”

त्यांना ते नीट दिसत नव्हतं. म्हणून मी ‘चालू फॉर्म छापा’ दाबलं, कागद त्यांच्या हातात द्यावा म्हणून. प्रिंटर कुरकुरला आणि कागद आला. त्यावर नुसत्या चौकटी होत्या. एकही अक्षर नव्हतं. मग मला आठवलं. पेन्सिल असताना आत गेलेलं नसतं, आणि जे आत नाही ते छापलं जात नाही.

म्हणजे अजून काही झालेलं नव्हतं. लिहिणं फक्त चालू होतं. मला एकदम फार हलकं वाटलं. हा फॉर्म न भरता तसाच बंद केला की झालं. मी कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेला आणि दाबलं.

स्क्रीनवर मधोमध प्रश्न आला. बदल सेव्ह करायचे का? हो. नाही.

मी बाण ‘नाही’कडं नेत होते. घाई केली नाही, मी कधीच करत नाही. तेवढ्यात मावशींनी शेंगांच्या फोलपटांचा हात झटकला, पुढं वाकल्या, आणि कीबोर्डवर एंटर दाबलं.

“हो म्हणावं गं अशा वेळी,” त्या म्हणाल्या. “न्हायतर अर्धवट राहतंय बिचारं.”

पेन्सिल गेली.

मावशींनी पुन्हा शेंगा उचलल्या. मी पुन्हा छापलं नाही. तुम्ही छापलं असतं का, ते मला माहीत नाही.

८

त्यानंतर घरात काही वेगळं घडलेलं नाही, आणि तेच मला समजत नाही. आई भाकऱ्या थापताना एक जास्त थापते, आणि ती उरत नाही. आप्पा कामावर निघताना दारात म्हणतात, “चला गं पोरींनो, येतो.” तसं ते आधीही म्हणायचे. सौम्याआक्का आनंदात आहे. काल ती माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणाली, “मी गेल्यावर तुम्ही दोघी भांडू नका हं.” मी वळून बघितलं. ती हसत होती. मी विचारलं, दोघी कोण? ती म्हणाली, “तू आणि आई.” पण त्याआधी ती थोडी थांबली.

मी सगळं तपासून बघते आहे. मावशींची नजर अधू आहे. शामूकाकांकडं दिवसभर पोरी येतात, कुणाचं माप कुणाच्या नावावर लिहिलं असेल. अंबुबाईंच्या पंगतीत कुठलीही मुलगी वाढत असेल. आप्पांनी हात बघितला, तोंड नाही. प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण आहे. एकेक बघितलं तर सगळं बरोबर आहे. आणि लग्न मोडायचं नाही, हे तर सगळ्यात बरोबर आहे. मी आज बोलले तर सौम्याआक्काच्या पुस्तकातला तो फोटो परत द्यावा लागेल. म्हणून मी बोलत नाही, लिहिते.

आता दुपार आहे. वीज गेली आहे, त्यामुळे माग बंद आहेत. आप्पा सूत आणायला शहापूरला गेले आहेत. मी मागाच्या खोलीत कांड्यांच्या पेटीवर बसून लिहिते आहे, कारण इथं उजेड बरा येतो. दार मी आतून लावलं आहे. मघाशी येताना खिळ्यांकडं बघितलं. माझा हिरवा ड्रेस होता. शेजारचा खिळा रिकामा होता. आईनं धुवायला टाकला असेल.

दाराच्या फटीत उजेड होता, तो आता मधोमध तुटला आहे. कुणीतरी आलं वाटतं. थांबावं लागेल, बोलावतायत. “आक्का,” अशी हाक आहे, अगदी हळू, “आक्का, चल की गं.” म्हणजे सौम्याआक्कालाच असणार. पण सौम्याआक्का तर सकाळपासून आईबरोबर बाजारात गेली आहे, आणि